साळिंदर व घूस : नुकसानीची ओळख आणि पिकांचें रक्षण

सकाळीं शेतावर जावें आणि आदल्या संध्याकाळीं उभा असलेला मका पांच-दहा ताटांनीं आडवा झालेला दिसावा, हा अनुभव आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील जंगलालगतच्या कास्तकारांस नवीन नाहीं. अशा वेळीं तोंडांतून पहिला शब्द निघतो तो "डुकरें आलीं" हा. पुष्कळ वेळां तें खरेंही असतें. परंतु प्रत्येक वेळीं तें खरें नसतें. चोर ओळखण्यांत चूक झाली म्हणजे त्यापुढील सर्व खर्च व श्रम व्यर्थ जातात. डुकरासाठीं चार फूट उंच कांटेरी तार ओढली, आणि खऱ्या चोरानें तिच्या खालच्या फटींतून रोज रात्रीं सुखानें ये-जा केली, तर तो दोष तारेचा नव्हे. आपल्या ओळखीचा होय.

प्रस्तुत लेखांत कुरतडणाऱ्या वर्गांतील दोन मोठ्या जनावरांचा विचार करावयाचा आहे. एक साळिंदर, ज्यास सायाळ किंवा साळू असेंही म्हणतात. आणि दुसरी घूस. दोन्ही जनावरें रात्रीं हिंडणारीं व बिळांत राहणारीं असून दोहोंचेही पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात. येथवर साम्य आहे. यापुढें मात्र त्यांची संतति, त्यांची चाल, त्यांस लागू असलेला कायदा व त्यांवरील उपाय हीं सर्व भिन्न आहेत. घुशीस जो उपाय योग्य, तोच साळिंदरास लावणें निरुपयोगी असतें, आणि तो गुन्हाही ठरतो. म्हणून प्रथम ओळख व मग उपाय, हा क्रम शेतकरी बंधूंनीं कधींही सोडूं नये.

जिल्ह्याची रचना

आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आपण नेहमींच्या बोलण्यांत करतों. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखालीं. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फांटे ह्या दोन भागांच्या मधून जातात. अगदीं उत्तरेस सातपुडा आहे आणि मध्यें पूर्णेचें काळ्या मातीचें खोरें पसरलें आहे. सातपुड्यांतील आंबाबरवा आणि बुलढाणा व खामगाव यांच्यामधील ज्ञानगंगा हीं दोन्ही अभयारण्यें १९९७ सालीं जाहीर झालीं. लोणारच्या सरोवराभोंवतींचें लहानसें अभयारण्य त्यानंतरचें.

साळिंदरास तीन गोष्टी हव्या असतात : बीळ करण्यास खडकाळ उतार किंवा दगडांचा आडोसा, तेथून निघून लपत-छपत येण्यास नाल्याची झुडपी वाट, आणि त्या वाटेच्या शेवटीं कंद, शेंग किंवा कणीस. घाटाच्या कडेच्या टेकड्या, सातपुड्याचा पायथा व गांवोगांवच्या ई-क्लास जमिनी ह्यांच्या लगत ह्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून नुकसानीचा पहिला विचार शेताच्या जागेवरून करावा. आपला धुरा नाल्यास, पांधणीस किंवा टेकडीस भिडलेला असेल तर साळिंदराचा संशय धरण्यास जागा आहे. घुशीस मात्र डोंगराची गरज नाहीं. खोल माती, न मोडलेला जुना बांध, पाटाचा कांठ, कडब्याची गंज व घराचा पाया एवढें तिला पुरतें.

साळिंदराचा स्वभाव

शास्त्रांत ह्या जनावरास हिस्ट्रिक्स इंडिका असें नांव आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या देशांपासून इराणमार्गें थेट श्रीलंकेपर्यंत तें आढळतें. भारतांतील कुरतडणाऱ्या प्राण्यांत हें सर्वांत मोठें होय. पूर्ण वाढलेलें साळिंदर ११ ते १८ किलो वजनाचें असतें, आणि शेपटी सोडून त्याची लांबी सुमारें ७० ते ९० सेंटिमीटर भरते. अंगावरील कांटे म्हणजे मूळचे केसच. ते जाड व कठीण होऊन त्यांवर काळे-पांढरे पट्टे आलेले असतात. शेपटीवरचे कांहीं कांटे पोकळ असून, जनावर चिडलें म्हणजे ते हलवून खुळखुळ्यासारखा आवाज करतें.

साळिंदर कांटे बाणासारखे फेकून मारतें, ही समजूत चुकीची आहे. तें शत्रूकडे पाठ करून वेगानें मागें सरकतें, आणि सैल असलेले कांटे शत्रूच्या अंगांत रुतून राहतात. त्याचा परिणाम केवढा होतो ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण जिम कॉर्बेट ह्यांनीं नोंदवून ठेवलें आहे. कुमाऊंतील मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशीं झालेल्या झटापटींत एक डोळा गमावून बसली, आणि तिच्या पायांत सुमारें ५० कांटे रुतले. शिकार करणें अशक्य झाल्यावर ती पुढें नरभक्षक बनली. आपल्या कुत्र्यांस साळिंदराच्या अंगावर सोडणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

सीमंतोन्नयन संस्कारांत साळूच्या कांट्यानें भांग पाडण्याची जुनी चाल आहे. तर हाच कांटा घरांत राहिला तर भांडणें होतात, असेंही कित्येक म्हणतात. एकच कांटा कोठें मंगल तर कोठें अमंगल. शेतकऱ्यास मात्र धुऱ्यावर पडलेला कांटा म्हणजे रात्रीं येऊन गेलेल्या जनावराची सही होय. ती वाचण्यास शिकावें.

साळिंदराचें अन्न मुख्यत्वें कंद, मुळें, गड्डे, पडलेलीं फळें, झाडांची साल व कणसें हें असतें. त्याचें नाक फार तीक्ष्ण आहे. मातीखालीं असलेलें रताळें वासावरून त्यास कळतें. शरीरास लागणारा चुना मिळविण्यासाठीं व दांत झिजविण्यासाठीं तें जुनीं हाडें व गळून पडलेलीं शिंगेंही कुरतडतें. म्हणून त्याच्या बिळाच्या तोंडाशीं पुष्कळदां कुरतडलेलीं हाडें सांपडतात. नर, मादी व पिल्लें एकत्र राहतात. मादीस बहुधा एक किंवा दोन पिल्लें होतात. ही संतति उंदराच्या मानानें फारच थोडी. तेव्हां साळिंदरांची धाड म्हणून जी वाटते, ती पुष्कळदां एकाच कुटुंबाची रोजची फेरी असते.

ही फेरी ठराविक वाटेनें होते. दिवस बिळांत काढून अंधार पडल्यावर तें बाहेर निघतें आणि अन्नासाठीं कांहीं किलोमीटरपर्यंत चालत जातें. इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटांत ह्याच जातीच्या साळिंदरांचा अभ्यास झाला आहे. तेथें हीं जनावरें बटाट्याच्या शेतांत येतात, आणि लख्ख चांदण्यांत उघड्या जागीं फिरण्याचें टाळतात, असें दिसून आलें. ह्यांतून आपणांस घेण्यासारखें एवढेंच कीं, ज्यांस सर्व रात्रीं जागल करणें शक्य नाहीं त्यांनीं आपलें बळ वद्य पक्षाच्या उत्तरार्धांत व अमावास्येच्या मागच्या-पुढच्या रात्रीं खर्च करावें.

नुकसानीच्या खुणा

साळिंदराचे पुढचे दांत पटाशीसारखे असतात. त्यांच्या पुढच्या बाजूवरच कठीण थर असतो व मागची बाजू मऊ असते. मागची बाजू आधीं झिजत गेल्यानें धार आपोआप लागत राहते. म्हणून साळिंदरानें जेथें तोंड लावलें तेथें जोडीजोडीचे, सरळ, रुंद चरे दिसतात. ही त्याची पहिली व मुख्य खूण. पिकांप्रमाणें खुणा पुढें दिल्या आहेत.

मका. साळिंदर ताट बुडाजवळ कुरतडून पाडतें आणि जमिनीवर आलेलें कणीस खातें. खुंटाचें तोंड तिरकस व बरेंचसें साफ असतें. डुकरें ताटें मोडतात, चघळतात व तुडवितात. त्यामुळें मोठा पट्टा लोळविलेला दिसतो व खुंट चिंधड्या झाल्यासारखे होतात. माकडें दिवसा येतात, उभ्या ताटाचें कणीस ओढून काढतात व अर्धें खाऊन टाकून देतात. रोही वरचे शेंडे व पाला ओरबाडतो.

भुईमूग व रताळें. डुकराचें काम नांगरल्यासारखें असतें. ओळीच्या ओळी उलथल्या जातात. साळिंदर पुढच्या पायांच्या नखांनीं निरनिराळे लहान खड्डे उकरतें, आणि प्रत्येक खड्ड्यांतील माती एका बाजूस टाकलेली दिसते. अर्धवट खाल्लेलें रताळें उचलून पाहिलें म्हणजे त्यावर दांतांचे जोड-चरे स्पष्ट दिसतात. घूस मात्र वरून खड्डा न करतां खालून पोखरते. वेल वरून हिरवा दिसतो आणि उपटावा तों खालीं शेंगा नसतात.

भोपळा, कलिंगड व इतर वेलफळें. फळ जागच्या जागीं कोरलेलें असतें व कडेवर रुंद चरे असतात. कोल्हा फळ फोडतो, त्याच्या दांतांच्या टोंच्या पडतात. सरळ चरे पडत नाहींत.

फळझाडें. हें नुकसान सर्वांत महाग होय, कारण तें एका हंगामाचें नसून कित्येक वर्षांचें असतें. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. घाटावरही फळबागांची लागवड होते. कोवळ्या झाडाची साल साळिंदर बुडापासून वीत-दोन वीत उंचीपर्यंत कुरतडतें. पानांनीं तयार केलेलें अन्न सालीच्या आंतील थरांतून मुळांकडे उतरतें. साल चोहोंबाजूंनीं गेली म्हणजे ही वाट तुटते. वरचीं पानें कांहीं दिवस हिरवीं राहतात, पण मुळें उपाशी मरतात आणि शेवटीं झाड वाळतें. म्हणून पानें हिरवीं आहेत एवढ्यावरून झाड वांचलें असें समजूं नये. वांकून बुडखा पाहावा.

ह्यांखेरीज इतर खुणा अशा : वाटेवर पडलेले कांटे; खारकेसारख्या लांबट लेंड्यांचे झुबके; रुंद तळव्याचें पाऊल व मऊ मातींत कांटे घासल्याच्या रेघा; आणि कुंपणाखालीं घासून गुळगुळीत झालेली फट. साळिंदराच्या बिळाचें तोंड एक ते दीड फूट रुंद व उघडें असतें. घुशीचें बीळ मुठीएवढें किंवा थोडें मोठें असून, त्याच्या तोंडाशीं ताज्या मातीचा ढीग असतो व पुष्कळदां तोंड त्याच मातीनें बुजविलेलें असतें.

घूस

घूस म्हणून आपण जिला म्हणतों तिच्या दोन जाती ध्यानांत घ्याव्या. मोठी घूस अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत भरते. ती घरें, गोठे, पाट व बांध ह्यांच्या आश्रयानें असते. दुसरी लहान घूस वजनानें कमी, पण शेतास जास्त घातक. कारण तिला सांठा करण्याची खोड आहे. गहूं व हरभरा ह्यांच्या ओंब्या व घाटे कापून ती बिळांतील कोठारांत नेऊन ठेवते. म्हणजे खाण्यापेक्षां तिचें नेणेंच अधिक. शिवाय तिच्या बिळांमुळें बांध फुटतो, पाटाचें पाणी भलतीकडे जातें, आणि पावसाळ्यांत मातीही वाहून जाते.

तिची संतति साळिंदराच्या अगदीं उलट आहे. तीन-साडेतीन आठवड्यांत वीण होते, एका वेतास सहा-आठ पिल्लें सहज होतात, व वर्षांतून अनेक वेळां वीण होते. ह्याचा अर्थ असा कीं, दहा घुशी मारून शेतकरी स्वस्थ बसला तर पुढच्या हंगामांत तो पुन्हां पूर्वीच्याच ठिकाणीं येतो. घुशीचा बंदोबस्त एकट्यानें करण्याचा नव्हे. तो सर्व शिवारानें एकाच वेळीं करावयाचा असतो.

घुशीवरील उपाय

ह्यास योग्य काळ म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, मृगापूर्वीचे दिवस. त्या वेळीं शेतें रिकामीं असतात, खाणें दुर्मिळ असतें व बिळें दिसतात. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं शिवारांतील सर्व बिळें मातीनें बुजवावीं. दुसऱ्या सकाळीं जीं उकरलेलीं आढळतील तींच चालू बिळें. औषध त्यांतच घालावयाचें. त्यानंतर दोन-तीन दिवस भरडलेलें धान्य तेल लावून, विष न घालतां, त्या बिळांत टाकावें. घूस संशयी असते. ओळखीचें झालेलें खाणेंच ती खाते. मग ९६ भाग भरड धान्य, २ भाग खाण्याचें तेल व २ भाग झिंक फॉस्फाईड असें मिश्रण काडीनें कालवून प्रत्येक चालू बिळांत सुमारें १० ग्रॅम खोल घालावें व बीळ बंद करावें. आठवड्यानें पुन्हां तपासणी करून जीं बिळें चालू राहिलीं असतील त्यांत ब्रोमॅडिओलोनचें तयार आमिष वापरावें.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाहीं, हें कधींही विसरूं नये. हात उघडे ठेवूं नयेत. मुलें, कुत्रीं व कोंबड्या दूर ठेवाव्या. मेलेल्या घुशी गोळा करून खोल पुराव्या. आणि आमिष उघड्यावर कधींही पसरूं नये. डोंगरालगतच्या शेतांत ही शेवटची सूचना दुप्पट महत्त्वाची आहे, कारण उघड्यावर टाकलेलें धान्य साळिंदर, मोर व तितर हेही खातात, आणि मग घुशीसाठीं केलेलें काम गुन्ह्याचें होऊन बसतें. शेतांतील धामण व घुबड हीं आपलीं फुकटचीं जागले आहेत. त्यांस मारूं नये.

साळिंदरापासून रक्षण

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणें साळिंदर हें संरक्षित जनावर आहे. त्यास परवानगीवांचून मारणें, पकडणें, धूर करून किंवा बीळ उकरून बाहेर काढणें हा गुन्हा होय. कायदा बाजूस ठेवून केवळ व्यवहार पाहिला, तरीही मारण्यांत लाभ थोडा. चांगलें बीळ रिकामें झालें म्हणजे टेकडीवरचें दुसरें जोडपें तेथें राहण्यास येऊं शकतें. शेताची वाट उघडी राहिली तोंवर चोर बदलतो. चोरी थांबत नाहीं. वाट बंद करणें हाच खरा उपाय.

साळिंदराचें एक वैगुण्य आपल्या उपयोगी आहे : त्यास उडी मारतां येत नाहीं व चांगलें चढतांही येत नाहीं. तें उकरतें व कुरतडतें. म्हणून त्याच्यासाठीं कुंपण उंच नको, खोल हवें. तारेची जाळी जमिनीवर अडीच-तीन फूट व जमिनींत एक फूट असावी, आणि पुरलेली कड बाहेरच्या बाजूस वळवावी. उकरतांना जनावर त्या कडेवर येऊन अडतें. सर्व शेतास जाळी लावण्याची ऐपत प्रत्येकास नसते. अशा वेळीं वाटांच्या खुणा पाहून नाल्याकडील व टेकडीकडील बाजूच प्रथम बंद कराव्या, आणि कंदपिकाच्या वाफ्यास स्वतंत्र जाळी द्यावी. बोरी-बाभळीच्या कांट्यांचें कुंपण असेल तर त्याच्या बुडाशीं मोठे गोटे रचून फटी बुजवाव्या.

सौरकुंपण हाही चांगला उपाय आहे. त्यांतील यंत्र क्षणभराचा झटका मधूनमधून सोडतें. जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. साळिंदरासाठीं एक तार जमिनीपासून सुमारें सहा इंचांवर व दुसरी सव्वा फुटावर पाहिजे. डुकरासाठीं व रोह्यासाठीं वरच्या तारा निराळ्या. तारेस गवत टेकलें कीं झटका मंदावतो, म्हणून खालची पट्टी सतत साफ ठेवावी लागते. जंगलालगतच्या गांवांस डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखालीं सौरकुंपणास साहाय्य मिळण्याची सोय झालेली आहे. तिच्या चालू अटी व रक्कम वनविभागाच्या कार्यालयांत समक्ष विचारून घ्यावी.

कोवळ्या फळझाडांस जाळीचा, पत्र्याचा किंवा बांबूच्या कामट्यांचा दोन फूट उंचीचा सैल वेढा द्यावा, व झाड वाढेल तसा तो मोठा करावा. साल एका बाजूनेंच गेली असेल तर जखम धारदार चाकूनें साफ करून बोर्डो मलम लावावें. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना हे निरनिराळे भिजवून १० लिटर पाण्यांत मिसळले म्हणजे हें मलम होतें. भुईमूग उपटल्यावर ढीग रात्रभर शेतांत ठेवूं नये. रताळें, हळद व आलें अशीं कंदपिकें शक्यतों नाल्याच्या कडेस न घेतां वस्तीच्या बाजूस घ्यावीं. धुऱ्यावरचे दगडांचे ढीग व घाणेरीचीं जाळीं साफ केलीं म्हणजे शेतास लागून असलेला आडोसा नाहींसा होतो. ह्यांपैकीं एकही उपाय एकटा पुरत नाहीं. दोन-तीन एकत्र केले म्हणजे गुण येतो.

जे उपाय करूं नयेत

ह्या विषयांत सर्वांत अधिक हानि पिकाची होत नाहीं. ती उतावळ्या उपायांनीं होते. घरच्या किंवा पंपाच्या लाइनीवरून आंकडा टाकून उघड्या तारेंत वीज सोडणें हा त्यांतील सर्वांत भयंकर उपाय होय. सौरकुंपणाचा झटका सोडून देतो. ही वीज धरून ठेवते. अशा तारांस चिकटून माणसें मेलीं आहेत : कधीं शेजारचा पाणी देणारा गडी, कधीं तार लावणारा मालक स्वतः. रात्रीं पाणी देण्याची पाळी ज्यास येते, त्यास शेजाऱ्याची तार अंधारांत दिसत नाहीं. विद्युत अधिनियम २००३ प्रमाणें ही वीजचोरी ठरते, आणि मनुष्य दगावला तर मालकावर मनुष्यवधाचा खटला होतो. चार पायल्या मक्यासाठीं एक घर उघडें पडावें, हा कोणता हिशेब?

२०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक तरुण वाघ तेराशेंहून अधिक किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगेंत येऊन पोंचला. त्याच्या गळ्यांत शोधपट्टा असल्यानें ही वाटचाल सर्व देशास कळली. वाटेंत त्यानें शेंकडों शिवारें रात्रीं ओलांडलीं असतील. त्यांतील एका तारेंत वीज असती तर ती यात्रा तेथेंच संपली असती. बिबट्या व वाघ हे साळिंदराची शिकार करतात. त्यांस मारणारी तार साळिंदराचाच शत्रु कमी करते.

दुसरा वर्ज्य उपाय बिळांत कीटकनाशक ओतण्याचा. फोरेट पूर्वीं ह्या कामीं वापरलें जाई. त्यावर २०२० सालच्या अखेरीपासून देशांत बंदी आहे. उरलेला सांठा असल्यास तो बाहेर काढूं नये. तिसरा वर्ज्य उपाय पिठाच्या गोळ्यांत स्फोटक भरून ठेवण्याचा. तो गोळा डुकराच्या आधीं आपल्याच गाईच्या तोंडांत जाऊं शकतो.

नोंद ठेवण्याची गरज

रानटी जनावरांनीं केलेल्या पीकहानीबद्दल राज्य शासन साहाय्य देतें. परंतु तें शासननिर्णयांत नांवें दिलेल्या जनावरांपुरतें असतें. त्यांत आजवर मुख्यत्वें रानडुक्कर, हरिण, रोही, रानगवा, माकड व हत्ती ह्यांचा विचार झालेला आहे. ह्यामुळें साळिंदराचें नुकसान डुकराच्या नांवावर लिहून देण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. खोट्या पंचनाम्यानें एका शेतकऱ्यास एका वर्षीं चार पैसे मिळतील. पण साळिंदरानें जिल्ह्यांत किती पीक खाल्लें हें कागदावर कधींच येणार नाहीं, आणि जें कागदावर नाहीं त्याची दाद मागतां येत नाहीं. खऱ्या नांवानें अर्ज करावा, तो लागलीच करावा, खुंट, चरे, लेंड्या व कांटे ह्यांचीं छायाचित्रें सोबत जोडावीं, आणि अर्जाची पोंच घ्यावी. अर्ज एकदां नामंजूर झाला तरी नोंद राहते. अशा शंभर नोंदी झाल्या म्हणजे नियम बदलण्याची मागणी बळकट होते.

ह्यासाठीं प्रत्येक सभासदानें येत्या हंगामापासून एक साधी वही घालावी. तींत पांच रकाने पुरेत : तारीख व तिथि, पीक, धुऱ्याची बाजू, दिसलेल्या खुणा, व गेलेलीं ताटें किंवा वाफे. तिथि लिहिल्यानें अंधाऱ्या रात्रींचा संबंध कळेल. बाजू लिहिल्यानें वाट कळेल. खुणा लिहिल्यानें चोर कळेल. हंगामाच्या शेवटीं एका गांवच्या दहा वह्या शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर कोठें जाळी हवी, कोठें घुशीची मोहीम हवी व कोठें नुसती जागल पुरे, हें कोणत्याही साहेबास न विचारतां समजेल. शास्त्रीय सल्ल्यासाठीं अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ व जळगाव जामोदचें कृषि विज्ञान केंद्र आहेच. पण तेथें रिकाम्या हातानें जाण्यापेक्षां वही घेऊन जाणें बरें.

साळिंदर आपल्या आधींपासून ह्या टेकड्यांत राहत आहे. त्याच्या उकरण्यानें रानांतील खड्ड्यांत पाणी व बीं सांठतें आणि तेथें नवीन रोपें उगवतात, असेंही नेगेव्हमधील अभ्यासांत आढळलें आहे. तेव्हां रानांत तें निरुपयोगी नव्हे. आपलें भांडण त्याच्याशीं नसून त्यानें धुरा ओलांडण्याशीं आहे. धुरा राखणें हें शेतकऱ्याचें मूळचेंच काम. तें पाहून, ओळखून व शेजाऱ्यास सोबत घेऊन केलें, तर पीकही राहील आणि कोणाचा जीवही जाणार नाहीं.